भरंवसा कीं सौदा?



देवावर भरंवसा ठेवावा, हें आपण शब्बाथशाळेंतील लहान लेंकरांसही शिकवितों. शिकविणें सोपें आहे. जोंपर्यंत विहिरीला पाणी आहे, कणगींत दाणा आहे आणि अंगणांत मुलें खेळत आहेत, तोंपर्यंत ह्या शब्दांना कोणी प्रश्न विचारीत नाहीं. प्रश्न उभा राहतो तो विहीर आटल्यावर आणि अंगण ओस पडल्यावर. ज्याला आपण इतके दिवस भरंवसा म्हणत आलों तो खरोखर भरंवसा होता, कीं देवाशीं मनांतल्या मनांत ठरविलेला एक सौदा होता, हें त्या वेळीं उघडकीस येतें. ह्या गोष्टीचा विचार करण्यास मला एका खेड्यांतील मातेनें भाग पाडिलें. त्या प्रसंगीं चूक माझी होती; म्हणून ती प्रथम सांगतों, आणि मग विचाराकडे वळतों.

कांहीं वर्षांपूर्वीं, पावसाळा सरत आला असतां, आमच्या मंडळींत डेंग्यूच्या तापाची सांथ आली. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांत एकाच आठवड्यांत एक मुलगा व एक मुलगी आजारी पडलीं. दोन्ही घरें ख्रिस्ती; दोन्ही घरांत रोज दिवेलागणीला प्रार्थना होत असे. दोन्ही लेंकरांना तालुक्याच्या दवाखान्यांत नेण्यांत आलें. दोघांसाठीं मंडळीनें गुडघे टेकले. मुलगा नवव्या दिवशीं आपल्या पायांनीं घरीं आला. मुलगी पांचव्या दिवशींच गेली होती. ती सात वर्षांची होती.

पुढच्या महिन्यांत मुलाच्या घरच्यांनीं उपकारस्तुतीचें दान आणिलें. बापानें उभें राहून साक्ष दिली कीं, आम्ही डगमगलों नाहीं, पूर्ण विश्वास धरिला, म्हणून प्रभूनें आमचें लेंकरूं आम्हांस परत दिलें. मंडळीनें आमेन म्हटलें. मींही म्हटलें; आणि तेवढ्यावर न थांबतां उपदेशपीठावरून आपल्या पदरचें एक वाक्य जोडिलें कीं, पाहा, विश्वासाचें फळ असें असतें! बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेंत ती दुसरी आई बसली होती. तिनें डोक्यावरचा पदर थोडा पुढें ओढून घेतला, एवढेंच मला दिसलें. पुढचे चार रविवार ती उपासनेस आली नाहीं.

पांचव्या आठवड्यांत मी तिच्या घरीं गेलों. ती ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडीत बसली होती. तिनें मला घोंगडी टाकली, पाणी दिलें. मी स्तोत्रसंहिता उघडून वाचूं लागणार, तोंच ती म्हणाली, "पाळकसाहेब, वाचायच्या आधी एक सांगा. शेजारच्यांचा विश्वास पुरला आन् माझा कमी पडला, असंच ना? मग किती कमी पडला तेवढं सांगा. मी उपास धरला होता. चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आणखी काय करायचं राहिलं होतं?" मी गप्प राहिलों. मग ती खालीं पाहून म्हणाली, "भाऊबंद म्हणत्यात, घरचे देव टाकले म्हणून पोरगी गेली. तुम्ही म्हणता, विश्वास कमी म्हणून गेली. दोन्हीकडून खोट माझीच."

माझ्या हातांतलें पुस्तक मिटलें गेलें. सेमिनरींत मीं पुष्कळ पाठ घोकले होते. परंतु ह्या अक्षरशत्रु बाईनें मला जो पाठ दिला तो त्यांत नव्हता. भाऊबंदांचें बोलणें आणि माझें बोलणें हीं वरून निराळीं दिसलीं, तरी त्यांचें मूळ एकच होतें, हें मला त्या ओसरीवर कळलें.

तें मूळ कोणतें, हें आपण पाहूं. आपल्या पूर्वजांत नवसाची चाल होती. लेंकरूं बरें झालें तर कोंबडें देईन, पीक आलें तर बकरें देईन, असें बोलून माणूस आपल्या देवाशीं करार करी. आपल्यापैकीं पुष्कळांच्या आजापणजांनीं ती चाल सोडिली. परंतु आपण खरोखर काय सोडिलें? मला भय वाटतें कीं, आपण बकरें सोडिलें आणि नवस ठेविला. बकऱ्याच्या जागीं आपण 'विश्वास' नांवाची वस्तु बांधिली. मी इतका विश्वास देतों, तूं मला इतकें आरोग्य दे. मी डगमगत नाहीं, तूं माझें लेंकरूं राख. माल पोंहोंचला नाहीं तर त्याचा अर्थ असा कीं, किंमत कमी पडली. असें जो मानतो त्यानें नवस फेडावयास निघालेल्या शेजाऱ्याला हंसूं नये. कारण दोघेही एकाच पेठेंत उभे आहेत. ह्यालाच मी सौदा म्हणतों. सौद्यांत देव कोण आहे, ह्याला महत्त्व नसतें. तो काय देतो, ह्यालाच असतें.

आतां शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. प्रेषितांचीं कृत्यें ह्या पुस्तकाचा बारावा अध्याय मीं त्या दिवसानंतर पुष्कळदां वाचिला आहे. तेथेंही भिंतीला भिंत लागून दोन घरें आहेत, असें म्हणतां येईल. हेरोद राजानें मंडळींतील कांहींवर हात टाकिला. योहानाचा भाऊ याकोब ह्याला त्यानें तरवारीनें मारिलें. एवढ्याच एका ओळींत याकोबाची कथा संपते. पुढें त्यानें पेत्राला धरून तुरुंगांत घातलें, आणि त्याला देवदूतानें येऊन सोडविलें. त्या कथेला मात्र अर्धा अध्याय लागला आहे. दोघेही प्रभूचे प्रेषित. दोघेही मासे धरण्याचें जाळें टाकून त्याच्यामागें निघालेले. दोघांनींही रूपांतराच्या डोंगरावर प्रभूचें वैभव पाहिलेलें. याकोबाचा विश्वास पेत्रापेक्षां उणा होता, असें शास्त्रांत एका अक्षरानेंही म्हटलेलें नाहीं. उलट, प्रभूला तीन वेळां नाकारणारा जो, तोच ह्या वेळीं सुटला.

आणखी एक गोष्ट तेथें आहे, ती आपल्या उपदेशकांनीं लक्षांत ठेवावी. पेत्रासाठीं मंडळी मार्काची आई मरीया हिच्या घरीं एकत्र जमून प्रार्थना करीत होती. पेत्रानें येऊन दार ठोठाविलें, रुदा नांवाच्या मुलीनें त्याचा आवाज ओळखिला आणि ती आंत सांगावयास धांवली. तेव्हां त्या प्रार्थना करणाऱ्यांनीं काय केलें? तिलाच वेडी ठरविलें. ज्याच्या सुटकेसाठीं ते रात्रभर मागत होते, तो दारांत उभा आहे ह्यावर त्यांचा विश्वास बसेना. तर मग पेत्राची सुटका ही त्यांच्या पूर्ण विश्वासाची मजुरी होती, असें कोणत्या तोंडानें म्हणावें? ती देवाची कृपा होती. आणि कृपा जर मजुरी नाहीं, तर तिच्या अभावाला दंडही म्हणतां येत नाहीं. याकोबाच्या घरीं रडणारांना त्या रात्रीं जर कोणी जाऊन म्हटलें असतें कीं, पाहा, पेत्रासाठीं केलेल्या प्रार्थनेंत किती जोर होता, तर तें बोलणें जितकें क्रूर झालें असतें, तितकेंच माझें होतें.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायांतही हाच विचार आहे. तेथें विश्वासानें तरवारीच्या धारेपासून बचावलेल्यांची गणना आहे, आणि लागलीच, मध्यें श्वासही न घेतां, तरवारीनें मारिलेल्यांची, करवतीनें चिरलेल्यांची, मेंढरांचीं कातडीं पांघरून रानांत हिंडणाऱ्यांची गणना आहे. लेखकानें दोन यादी केल्या नाहींत. बचावलेले आणि न बचावलेले हे एकाच विश्वासाचे साक्षी, असें तो मानतो. दानीएलाच्या पुस्तकांतील त्या तीन तरुणांचें उत्तरही तसेंच. आमचा देव आम्हांस भट्टींतून सोडविण्यास समर्थ आहे, असें त्यांनीं राजाला सांगितलें. पण त्यानें सोडविलें नाहीं तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाहीं, असेंही सांगितलें. ह्या दुसऱ्या अर्ध्या उत्तरांत भरंवसा आणि सौदा ह्यांमधील सगळा भेद आलेला आहे. सौदा करणारा पहिलें अर्धें बोलतो आणि थांबतो.

येथें कोणी म्हणेल, "पाळकसाहेब, हें तर आमच्या पायाखालची जमीनच काढून घेण्यासारखें झालें. विश्वासानें लेंकरूं वांचेलच असें नाहीं, तर प्रार्थना कशाला करावी? भरंवसा ठेवावा तो कशावर?" प्रश्न योग्य आहे, आणि त्याला फांटा देऊं नये.

भरंवसा गोष्टीवर ठेवावयाचा नसतो, व्यक्तीवर ठेवावयाचा असतो. आपल्या गांवच्याच उदाहरणानें सांगतों. एखाद्या शेतकऱ्याच्या वाड्यांत सालगडी असतो आणि मुलगाही असतो. दोघेही तीच नांगरणी करतात, तीच भाकरी खातात. पाडवा आला कीं सालगड्याचा हिशेब होतो. साल वाईट गेलें, ठरलेलें मिळालें नाहीं, तर तो दुसरें घर पाहतो, आणि त्यांत त्याचा कांहीं दोष नाहीं, कारण त्याचें नातें हिशेबाचें आहे. मुलगा मात्र हिशेबाला बसत नाहीं. साल बुडालें तर तोही उपाशी राहतो, बापावर रुसतो, क्वचित् मोठ्यानें बोलतोही. पण घर सोडून जात नाहीं, कारण त्याचें नातें पिकाशीं नसून बापाशीं आहे. आणि तो बापापाशीं मागत नाहीं कीं काय? तोच तर अधिक मागतो! सालगडी ठरलेलें तेवढेंच मागतो. मुलगा मनांत येईल तें मागतो. म्हणून प्रार्थना ही सौदा नाहीं, असें म्हटल्यानें प्रार्थना कमी होत नाहीं. उलट ती मोकळी होते.

ह्याचा पुरावा स्वतः प्रभु आहे. गेथशेमाने बागेंत त्यानें मरणाचा प्याला टळावा म्हणून तीन वेळां मागितलें. मागण्यांत त्यानें संकोच केला नाहीं, आणि बापाची इच्छा आपल्या इच्छेवर ठेवण्यांतही केला नाहीं. प्याला टळला नाहीं. जगांत सर्वांत पूर्ण विश्वास ज्याचा, त्याचीच ती प्रार्थना त्या रूपानें मान्य झाली नाहीं, हें ज्यानें नीट मनांत धरिलें त्याला दुसऱ्याच्या विश्वासाचें वजन तागडींत घालण्याचें धाडस पुनः होणार नाहीं. पण लूक सांगतो कीं, तेथें त्याला बळ देण्यास देवदूत आला. प्याला राहिला आणि बळही आलें. पुढें वधस्तंभावर त्यानें देवाला मोठ्यानें विचारिलें कीं, तूं मला कां टाकिलेंस. परंतु तें विचारतांनाही त्यानें त्याला 'माझा देव' म्हणावयाचें सोडिलें नाहीं. आणि तिसऱ्या दिवशीं जी कबर रिकामी झाली तिच्यावर आपला भरंवसा उभा आहे. आज आमच्या घरीं काय वांचलें आणि काय गेलें, ह्यावर तो उभा नाहीं.

हें केवळ जुन्या काळचें आहे असें कोणास वाटूं नये, म्हणून आपल्याच देशांतील एका भगिनीचें उदाहरण देतों. पंडिता रमाबाई ह्यांचा जन्म १८५८ सालचा. १८७४ च्या सुमारास, दुष्काळाच्या दिवसांत तीर्थयात्रा करीत हिंडतांना, त्यांचे वडील आणि मागोमाग आई हीं वारलीं. पुढें बहीणही गेली. राहिलेला एकुलता भाऊ १८८० सालीं गेला. त्याच वर्षीं त्यांचें लग्न झालें, आणि १८८२ सालीं पति पटकीनें वारले. त्या वेळीं पदरांत वर्षही न भरलेली मुलगी मनोरमा होती. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आतां विश्वास जर सौदा असता, तर येथून पुढें त्यांच्या घरीं मरण यावयास नको होतें. परंतु ज्या मनोरमाबाई आईचा उजवा हात झाल्या, ज्यांनीं आईच्या मागें मुक्तिसदनाचें काम चालवावें अशी सर्वांची आशा होती, त्या बाप्तिस्म्यानंतर अडतीस वर्षांनीं, १९२१ सालीं, आई हयात असतांना गेल्या. पुढच्याच वर्षीं, ५ एप्रिल १९२२ रोजीं, रमाबाई स्वतः प्रभूकडे गेल्या. त्यापूर्वीं त्यांनीं वर्षानुवर्षें हातीं घेतलेलें बायबलाचें मराठी भाषांतर पुरें केलें होतें. मुलगी गेल्यावर त्यांनीं लेखणी टाकिली नाहीं. मजुरी न मिळाल्यामुळें काम सोडून जाणारा सालगडी त्या नव्हत्या.

ह्याच बाईंच्या चरित्रांत दुसरीही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. ज्या दुष्काळानें आपले आईबाप नेले, त्या दुष्काळाचें 'कां' त्यांना कोणी सांगितलें नव्हतें. परंतु भुकेल्या मुलीला काय हवें असतें, हें त्यांना त्या दुष्काळानेंच शिकविलें होतें. केडगांवीं त्यांनीं प्रार्थना केली, आणि विहिरीही खणविल्या. शेती केली, मुलींना उद्योग शिकविले, छापखानाही चालविला. भरंवसा म्हणजे हात जोडून बसणें, अशी समजूत त्यांची नव्हती.

ह्याविषयीं थोडें स्पष्ट बोलणें जरूर आहे. कांहीं ठिकाणीं असा उपदेश होतो कीं, औषध घेणें किंवा उद्यांची तजवीज करणें हें अविश्वासाचें लक्षण आहे. बंधूंनो, सैतानानें प्रभूला मंदिराच्या शिखरावर उभें करून, खालीं उडी टाक, देव तुला झेलील, असें सुचविलें तेव्हां तोही भरंवशाचीच भाषा बोलत होता, आणि तीही शास्त्राच्या आधारानें. प्रभूनें तिला देवाची परीक्षा पाहणें असें नांव दिलें. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यांत न नेतां घरीं प्रार्थना करीत ठेवणें ही शिखरावरून मारिलेली उडी आहे. आणि तिच्यांत भर अशी कीं, उडी आपण मारतों आणि पडतो तो दुसरा. योसेफानें मिसर देशांत सुकाळाच्या सात वर्षांत धान्य सांठविलें, तें देवावर त्याचा विश्वास नव्हता म्हणून नव्हे. १९७२ च्या दुष्काळांत ज्यांनीं खडी फोडली, सुकडी आणि मिलोची भाकरी खाऊन पाझर तलावांची माती वाहिली, ते म्हातारे अजून आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांना विचारा. त्यांनीं पावसासाठीं प्रार्थना केली आणि पाऊस आल्यावर तो अडावा म्हणून बांधही घातला. दोन्ही हात एकाच देहाचे होते.

उलट बाजूनें, संकट आलें म्हणजे कोणाचें तरी पाप शोधावयास निघणें हेंही भरंवशाचें लक्षण नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत झोपेंतच हजारों माणसें दगडमातीच्या घरांखालीं गाडलीं गेलीं. जीं गांवें पडलीं तीं आपल्या गांवांपेक्षां पापी होतीं काय? शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले तेव्हां प्रभूला असेंच विचारावें असें लोकांच्या मनांत होतें, आणि त्यानें साफ नाहीं म्हटलें. उलट जे जिवंत आहेत त्यांनींच पश्चात्ताप करावा, असें सांगितलें. दुसऱ्याचें मरण हें त्याच्या पापाचें माप नसून माझ्या जागें होण्याची हांक आहे. ईयोबाचे मित्र अलीफज, बिल्दद व सोफर हे सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्यानें जमिनीवर बसले, तोंपर्यंत त्यांनीं सर्व बरोबर केलें. तोंड उघडल्यावर ते चुकले. त्यांनीं देवाची बाजू राखण्यासाठीं नियम सांगितला कीं, जो दुःख भोगतो त्यानें कांहीं केलेंच असलें पाहिजे. आणि शेवटीं देव रागावला तो देवाशीं भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची वकिली करणाऱ्या त्या मित्रांवर. त्या रविवारीं उपदेशपीठावर उभा राहिलेला अलीफज मी होतों.

आतां माझ्या उपदेशक बंधूंस आणि मंडळीच्या वडिलांस चार शब्द सांगतों.

पहिला हा कीं, साक्ष देणें बंद करूं नका. पण साक्षेंतून 'म्हणून' हा शब्द काढून टाका. देवानें माझें लेंकरूं वांचविलें, त्याचे उपकार मानतों, एवढें खरें आहे आणि तेवढें पुरे आहे. मीं विश्वास धरिला म्हणून वांचविलें, असें म्हणतांच उपकारस्तुति ही आत्मस्तुति होते, आणि मागल्या रांगेंत बसलेल्या कोणाच्या तरी काळजांत सुरी जाते. उपकारस्तुतीच्या दिवशीं, ज्यांच्या घरीं त्या वर्षीं मरण आलें त्यांचीही नांवें घेऊन प्रार्थना करा.

दुसरा हा कीं, दुःखी माणसाच्या घरीं जातांना पुस्तक घेऊन जा, पण तें उघडण्याची घाई करूं नका. एलीया रतामाच्या झाडाखालीं मरण मागत पडला तेव्हां देवानें त्याला प्रथम उपदेश केला नाहीं. भाकर व पाणी दिलें, आणि झोंपूं दिलें. आमच्याच मंडळींत त्या मुलीच्या मातीनंतर एका वृद्ध बायबलबाईनें त्या घरीं आठ दिवस पाणी भरिलें आणि चूल पेटविली. तिनें एकही वचन म्हटलें नाहीं, असें मला मागाहून कळलें. माझ्या एका वाक्यानें जें मोडलें, तें त्या आठ दिवसांच्या घागरींनींच कांहींसें सांवरून धरिलें होतें.

तिसरा हा कीं, रडणाऱ्याला, तक्रार करणाऱ्याला गप्प करूं नका. स्तोत्रसंहितेंत कितीतरी स्तोत्रें तक्रारीचींच आहेत, आणि तीं देवाच्या ग्रंथांत आहेत. हबक्कूक संदेष्टा, किती वेळ मी ओरडूं, असें विचारीत आपलें पुस्तक उघडतो. शेवटीं तोच, अंजिराला फूल नाहीं, द्राक्षीला फळ नाहीं, शेतांत अन्न नाहीं, गोठ्यांत गुरें नाहींत, अशी एका उद्‍ध्वस्त शेतकऱ्याची सगळी मोजदाद करून, तरीही मी परमेश्वराच्या ठायीं हर्ष करीन असें म्हणतो. पहिला अध्याय ज्यानें रडून काढिला नाहीं, त्याच्याकडून तिसरा अध्याय मागूं नका.

चौथा हा कीं, चूक झाली तर ती ज्या ठिकाणीं झाली त्याच ठिकाणीं कबूल करा. उपदेशपीठावरून केलेल्या चुकीची क्षमा ओसरीवर मागून भागत नाहीं.

मीं त्या बाईपाशीं ओसरीवर क्षमा मागितली, आणि पुढच्या रविवारीं सर्व मंडळीसमोरही मागितली. तिचें नांव घेतलें नाहीं; सर्वांना कळलें. वांचलेल्या मुलाचा बाप उपासना संपल्यावर बराच वेळ मंदिराच्या पायरीवर बसून राहिला. तो माझ्याशीं कांहीं बोलला नाहीं. पण त्या सुगीला त्यानें शेजारच्या शेतांतली बाजरी आपल्या माणसांबरोबर काढून दिली, आणि त्याची बायको दोन भिंतींमधल्या बोळांतून रोज तिच्याकडे जाऊं लागली.

पुढें हंगामाच्या उपकारस्तुतीला ती आई आली. पदराखालीं एक पायली बाजरी होती. ती तिनें वेदीपुढें इतर धान्याच्या राशींत ओतली. बाहेर पडतांना ती माझ्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "पाळकसाहेब, मला अजून उत्तर मिळालं नाही. पण मी कुठं गेले नाही. त्याच्याच दारात बसले आहे."

मीं होय म्हटलें, दुसरें कांहीं म्हणवलें नाहीं. बंधुभगिनींनो, भरंवसा म्हणजे काय, असें आतां मला कोणी विचारिलें तर मी त्या बाजरीच्या पायलीकडे बोट दाखवितों. तिच्यांत सौदा नव्हता. कारण सौद्यांत मिळावयाचें तें तिला मिळालेंच नव्हतें. तरी ती आली. ज्याच्यापाशीं तिचें लेंकरूं आहे त्याच्याच दारांत ती बसली आहे, आणि ज्यानें आपला पुत्र राखून ठेविला नाहीं तो देव तिला त्या दारांतून उठवून लावणार नाहीं.

ह्या वर्षीं तुमच्या गांवीं ज्या घरीं अंगण ओस पडलें असेल, त्या घरीं हा लेख वाचून दाखवूं नका. तेथें घागर घेऊन जा. आणि ज्यांच्या घरीं लेंकरें वांचलीं असतील त्यांनीं उपकार माना, मान खालीं घालून माना. प्रभु दोन्ही घरांचा आहे. आमेन.